बाईंचा 'व्हेरी'

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि मला इंग्रजीच्या बाईंपलीकडे काही सुचेना. स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच.

नववी 'ब'चा वर्ग. निबंधाच्या वह्या तपासून आल्या होत्या आणि प्रत्येकाच्या वहीत 'व्हेरी'खाली लाल रेघ होती. बाई रागावल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी फळा पुसला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'वेरुस'. लॅटिन शब्द, अर्थ 'खरा'. त्याच कुळातून जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हेराय' आला. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात नि कचेऱ्यांत फ्रेंच शिरली आणि पुढे हा शब्दही इंग्रजीत रुळला. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर तो 'खरा' याच अर्थाने वापरतो. मग 'खरोखर'चं हळूहळू 'खूप' झालं आणि जुन्या इंग्रजीतलं 'खूप' याच अर्थाचं 'स्विथ' हे क्रियाविशेषण मागे पडलं.

"आपण 'खरंच छान' म्हणतो ना, तसंच हे," बाई म्हणाल्या. "'द व्हेरी मॅन' म्हणजे नेमका तोच माणूस. तिथे जुना अर्थ अजून शाबूत आहे. तेव्हा हा शब्द लिहिण्याआधी विचारा, हे खरंच तसं आहे का?"

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. 'व्हेरिफाय' आणि 'व्हर्डिक्ट' ही त्याच घरातली भावंडं फळ्यावर यायची होती. व्हर्डिक्ट, म्हणजे न्यायालयातला निकाल, याचा मूळ अर्थ 'खरं बोललेलं', हे ऐकून मी थरारून गेलो होतो.

आज मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दिवाणी दाव्याच्या शेवटी व्हेरिफिकेशन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी निवेदन, लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १५ मध्ये ते सांगितलं आहे. बरेच पक्षकार न वाचताच सही करायला निघतात. मी त्यांना थांबवतो, मजकूर मराठीत समजावतो आणि विचारतो, हे सगळं खरंच असं घडलं का? ही सवय मला बाईंनी लावली, लॉ कॉलेजने नव्हे.

वर्गात आता डिजिटल फळा आला, आनंद आहे. ग्रंथालयातलं शब्दकोशांचं कपाट मात्र गेल्या भेटीत कुलूपबंद दिसलं, फार वाईट वाटलं. बाई त्याची किल्ली मुलांच्याच हाती देत. समितीला विनंती, ते कपाट पुन्हा मुलांसाठी उघडावं. नव्या शब्दकोशांचा खर्च मी देईन.