ओसरी आणि बाल्कनी

आज सकाळी धायरीतली सदनिका आणि दुपारी नसरापूरजवळचे कौलारू घर, अशी दोन्ही ठिकाणे आई-बाबांसह पाहून आलो. सदनिकेचे चटई क्षेत्रफळ 640 चौरस फूट सांगितले गेले, परंतु त्यात बाल्कनीही मोजलेली होती. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार ती धरता येत नाही, हे मी निदर्शनास आणून दिल्यावर विक्री प्रतिनिधीने आमच्यासाठी चहा मागवला.

नसरापूरला बाबा ओसरीवर जे बसले, ते उठेनात. परसातल्या शेवग्याखाली पडलेल्या दोन शेंगा आईने घरमालकिणीला विचारून पिशवीत टाकल्यासुद्धा. मात्र सातबारा वाचताना माझा उत्साह ओसरला, कारण घराखालची जमीन अद्याप बिगरशेती झालेली नव्हती, उताऱ्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यात दोन बहिणींची नावे होती आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या नावावर तर गुंठाभरही नाही. शिवाय बाबांची हृदयतपासणी दर तीन महिन्यांनी पुण्यातच असते.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो असताना आईने विचारले, "धायरीच्या त्या बाल्कनीत कुंडीतला शेवगा जगेल का रे?"