आठशेचं हेड बसलं एकदाचं, पण दोनदा आवळून

तर मंडळी, बाबांच्या ९८ च्या मारुती ८०० चं हेड, म्हणजे इंजिनच्या सिलेंडरांवरचं झाकण, रविवारी बसलं. मागच्या वेळी दोन आणि तीन नंबर सिलेंडरच्या मधे गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधली सील) उडालेलं, तेव्हा ज्यानं काम केलेलं त्यानं पान्याला पाइप घालून "हाताला कळतंय की ओ" म्हणत बोल्ट आवळलेले, म्हणून यावेळी म्हटलं आपणच करू.

हेड लेथवाल्याकडून फेस करून (घासून सपाट करून) आणलेलंच, तरी पट्टी आडवी-तिरकी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातलं, ०.०५ मिमीचं पान कुठेच शिरलं नाही. मग आठही बोल्ट रॉकेलनं धुतले, वायर ब्रश मारला, आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचं नुसतं बोट फिरवलं. हे नखरे वाटतात पण टॉर्क पान्याला (ठरवलेला जोर आला की क्लिक वाजवणारा पाना) फक्त फिरवायला किती जोर लागतोय तेवढंच कळतं, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो आणि बाकीचा घर्षणात. म्हणजे आटे गंजलेले असले की क्लिक तर वाजतो पण हेड दाबलेलंच नसतं.

मॅन्युअलमध्ये आवळायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५.५ ते ६ किलोग्रॅम-मीटर आहे. मी २, ४ आणि शेवटी ५.८ अशा तीन फेऱ्या ठरवल्या, मधल्या बोल्टपासून सुरू करून आलटून पालटून बाहेर जायचं, नाहीतर हेड मधे फुगल्यासारखं राहतं आणि गॅस्केट नेमकं तिथेच सुटतं.

पहिली फेरी मस्त झाली. दुसऱ्या फेरीत मागच्या कोपऱ्यातला बोल्ट पाव आटासुद्धा न फिरता क्लिक!! बाकीचे चांगले फिरलेले, हा डोकं वर काढून उभा. मोह झालेला सोडून द्यायचा, क्लिक वाजला ना मग झालं की. पण सगळे बाहेरून आत असे सैल केले, तो काढला तर टोकाला हिरवं पाणी! भोकाच्या तळाशी कूलंट साठलेलं, ब्लॉक धुतल्यावर सात भोकांत हवा मारली आणि आठवं विसरलो. पाणी काही दाबलं जात नाही, अजून जोर लावला असता तर ब्लॉकलाच तडा गेला असता, मग बसा रडत.

चिंधी, कॉम्प्रेसर, पुन्हा चिंधी. गॅस्केट ४ किलोला दाबलं गेलेलं म्हणून नवीन आणलं, जीव तुटला पण पुन्हा हेड उतरवण्यापेक्षा ते स्वस्त. यावेळी मार्करनं प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रेघ मारली आणि शेवटच्या फेरीत पाना न थांबवता एका दमात ओढला, कारण मधे थांबलं की बोल्ट चिकटतो आणि परत हलवायलाच जास्त जोर लागून क्लिक लवकर वाजतो. आठही रेघा जवळपास सारख्याच फिरल्या, कोपऱ्यातलीपण.

टॉर्क पाना शून्याकडे सैल करून डब्यात ठेवलाय. पुढच्या रविवारी टॅपेट आणि टायमिंग बेल्ट.