ग्रामोफोनची स्प्रिंग मागवण्याआधी

पेटीवर कुत्र्याचं चित्र आहे म्हणून आतली चावीची मोटरही एच.एम.व्ही.चीच (हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीची), असं धरून स्प्रिंग मागवू नका. पितळी कर्ण्याची चकचकीत यंत्रं आपल्याकडे विकली जातात, त्यांतली बहुतेक नव्याने जुळवलेली असतात आणि आत कुठल्या तरी पोर्टेबलची (हातात न्यायच्या छोट्या ग्रामोफोनची) मोटर बसवलेली असते. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची तबकडी, उचलून मोटरच्या प्लेटवर गॅरार्ड, थोरेन्स असं मोटर बनवणाऱ्याचं काही नाव कोरलंय का ते बघा. काहीच नसेल तर मापावर जा. खरं तर नाव सापडलं तरी माप घ्याच.

चावी फिरवताना धाडधाड आवाज येतो, म्हणून स्प्रिंग तुटली असं समजू नका. पुष्कळदा जुनं ग्रीस सुकून वेढे एकमेकांना चिकटलेले असतात आणि झटक्याने सुटतात. रॉकेलने धुऊन, पुसून ग्राफाइट ग्रीस लावलं की भागतं. ड्रम, म्हणजे स्प्रिंग असलेला गोल डबा, उघडण्याआधी चावी पूर्ण उतरू द्या आणि चामड्याचे हातमोजे घाला; सुटलेली स्प्रिंग बोटं कापते.

खरंच तुटली असेल तर रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांच्या भोकांचा आकार टिपा. जाडी मायक्रोमीटरनेच मोजा, कारण ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते: ०.६०ऐवजी ०.६६ मि.मी. घेतली तर ती सुमारे ३३ टक्के कडक होते. लांबीचा हिशोब असा: ड्रमच्या आतल्या व्यासाच्या वर्गातून मधल्या दांड्याच्या व्यासाचा वर्ग वजा करा, ३.१४ने गुणा, मग ८ने आणि जाडीने भागा. ड्रम ७५ मि.मी., दांडा २० मि.मी., जाडी ०.६५ मि.मी. असेल तर सुमारे ३.१५ मीटर. यात स्प्रिंग ड्रममधली निम्मी जागा व्यापते आणि चावीचे फेरे सर्वांत जास्त मिळतात. लांब स्प्रिंग जास्त चालेल हा समज चुकीचा आहे. ती ड्रम भरून टाकते आणि फेरे उलट कमी होतात.

बाहेरच्या टोकापासून आठ-दहा सें.मी.मध्येच तुटली असेल तर नवी नको. शेवटचे दोन-तीन सें.मी. लाल तापवा, हळूहळू गार होऊ द्या, भोक पाडा, कडा कानशीने गोल करा.

आवाज बिघडला असेल तर साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीचा, पडदा आधी बघा. एच.एम.व्ही.च्या एक्झिबिशन आणि ४ नंबर या साउंडबॉक्समध्ये अभ्रक असतं, ५ए आणि ५बीमध्ये ॲल्युमिनियम. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्या नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत दगडासारख्या कडक होतात आणि आवाज चिरका येतो. जुन्या नळीचा बाहेरचा व्यास मोजून तेवढीच मऊ नळी घ्या. नळीची दोन टोकं फट न राहता भिडली पाहिजेत. ५ए आणि ५बीची बॉडी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असते, तशी असेल तर ती फुगते आणि तडकते. टोनआर्मवर, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या नळीवर, अडकली असेल तर पिळू नका.

गव्हर्नरच्या, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या भागाच्या, तीन पट्ट्यांतली एक तुटली तरी तिन्ही एकाच मापाच्या बदला, नाहीतर वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांवर स्थिर राहत नाही. भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. भाग बाहेरगावाहून मागवणार असाल तर मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा, आणि तुटका तुकडा नवा बसेपर्यंत भंगारात देऊ नका.