तुकडे जुळवू नका

क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, दोन तुकडे तपासणीसाठी माझ्या टेबलावर ठेवले आणि सोबत आलेल्यांपैकी एकाने लगेच मोडलेली तोंडं एकमेकांत बसवायला घेतली. मी जवळजवळ ओरडलोच. सगळी साक्ष त्या तोंडांवरच असते. एकदा घासली की गेली.

जनरेटरचं डिझेल इंजिन. शाफ्ट क्रँकपिन (कनेक्टिंग रॉड बसतो तो भाग) आणि वेब (पिनला धरणारा हात) यांच्या सांध्यात तुटलेला. मंडळींचा निकाल तयार होता, 'मटेरियल हलकं आहे, तेवढं लिहून द्या.' रासायनिक तपासणी आणि कडकपणा, दोन्ही ड्रॉइंगप्रमाणे निघाले. तिथून बोलणं थोडं कमी झालं.

मोडलेलं तोंड मात्र भरपूर बोलत होतं. शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा, भेग हळूहळू पुढे सरकत असताना, इंजिन बंद-चालू होताना, भार बदलताना उमटलेल्या. एका झटक्यात तुटलेला खडबडीत भाग जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे भार बेताचाच होता. एवढ्याशा उरलेल्या पोलादानेही तो शेवटपर्यंत पेलला होता. मग भेग सुरू कशाने झाली?

रेषा मागे नेत गेलो तर उगम फिलेटवर, पिन जिथे गोलाईने वेबला मिळते तिथे. ड्रॉइंगवर रेडियस 4 मिमी. गेज लावला तर 1.5 सुद्धा भरेना. पिनही अंडरसाइझ, मूळ मापापेक्षा बारीक, म्हणजे पुन्हा घासलेली असावी.

"रिग्राइंड केला होता का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "एकदाच. त्यानंतर एकशे तीस तास चालला असेल."

नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावल्यावर फिलेटवर काळे डाग उठले, मधे पांढरे ठिपके. ग्राइंडिंगच्या चाकाने पोलाद भाजलं होतं. मायक्रोस्कोपखाली त्या पांढऱ्या थरात केसासारख्या भेगा दिसल्या. मिनिटाला 1500 फेरे, चार-स्ट्रोक इंजिन, दर दोन फेऱ्यांना पिनवर एक धक्का, तासाला 45,000. एकशे तीस तासांत साडेअठ्ठावन्न लाख. धारदार कोपरा आणि आयत्या भेगा मिळाल्यावर एवढे धक्के पुरले. (चाकाला नीट गोलाई दिली असती तर पाच मिनिटं जास्त गेली असती, इतकंच.)

अहवालात 'मटेरियल' लिहिणार नाही म्हटल्यावर वाद होईल असं वाटलं होतं. पण ज्याने तुकडे जुळवायला घेतले होते, तोच हळूच म्हणाला, "साहेब, दुसऱ्या इंजिनाचा शाफ्टही त्याच वेळी घासून आणला होता."

"ते इंजिन कुठंय?"

"चालू आहे."

अहवाल तसाच ठेवला आणि आधी त्याला फोन लावायला सांगितला.