पोट साफ होत नव्हतं, अडलं होतं भलतीकडेच: मुंबईत निदान होईपर्यंतचा माझा अनुभव

हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉईडची), कॅल्शियम या तपासण्या एका सकाळी होऊन जातात. माझे रिपोर्ट नॉर्मल आले आणि गाडी तिथेच अडली. थायरॉईड ठीक, मधुमेह नाही, म्हटल्यावर ओपीडीत एकच ठरलेलं उत्तर मिळतं: पाणी प्या, इसबगोल घ्या, चालत जा.

बद्धकोष्ठता एकाच कारणाने होत नाही. कुणाचं आतडंच संथ असतं. कुणाच्या आतड्याची गती नेहमीसारखी असूनही मल कडक होतो. आणि कुणाचा मल खालपर्यंत नीट येतो, पण कुंथताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडण्याऐवजी आवळला जातो. माझा प्रकार हा शेवटचा. यात इसबगोल वाढवत नेलं तर पोट फक्त आणखी तट्ट होतं.

हे ओळखण्याची पहिली तपासणी फुकट आहे. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात आणि कुंथायला सांगतात. तेव्हा स्नायू ढिला पडायला हवा. बोटाभोवती आवळला तर संशय घ्यायचा. काम एक-दोन मिनिटांचं. मी दाखवत होतो त्या मोठ्या रुग्णालयात रांग लांब, आडोसा नाही, त्यामुळे ती तपासणी राहूनच गेली आणि हातात थेट कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघण्याचा, कागद आला. याचा राग अजून आहे. दुर्बिणीतून गाठ, व्रण, अरुंद झालेला भाग दिसतो. कुंथताना स्नायू काय करतो ते दिसत नाही. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तक्षय, घरात आतड्याचा कर्करोग किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यातलं काही असेल तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नका. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, त्या काही दिवस अगोदर बंद कराव्या लागतात.

मला हवी होती ती अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री. ती मुंबईतही मोजक्या ठिकाणी होते आणि तारखेची वाट बघावी लागते. बारीक नळी गुदाशयात ठेवून आवळताना आणि कुंथताना दाब मोजतात, भूल लागत नाही. मग ५० मिली पाण्याने भरलेला फुगा कमोडवर बसून बाहेर टाकायचा. साधारण एक-दोन मिनिटांत निघायला हवा. तारीख घेतानाच विचारा, फुग्याची तपासणी त्याच वेळी होते का आणि एनिमा घरी घ्यायचा की तिथे. नाहीतर पुन्हा रांग.

कुणी आधी मार्करच्या कॅप्सूलची तपासणी सुचवेल. त्यात एक्स-रेत दिसणाऱ्या २४ बारीक कड्या गिळून पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचपेक्षा जास्त उरल्या तर आतडं संथ मानतात. पण बाहेरचा रस्ताच आवळलेला असेल तरीही कड्या अडकतात, म्हणून मॅनोमेट्री आधी झालेली बरी.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: किती वेळा, किती कुंथावं लागलं, ब्रिस्टल तक्त्यातल्या (मलाच्या आकारानुसार केलेल्या) सातपैकी कोणता प्रकार. पहिला आणि दुसरा म्हणजे खडे. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणं हे एकच लक्षण नव्हे; रोज होऊनही अर्धवट वाटणं बद्धकोष्ठतेतच येतं. सोबत सगळ्या गोळ्यांची यादी हवी. लोह, कॅल्शियम, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, अमिट्रिप्टिलिन, वेरापामिल यांपैकी कुठलंही पोट धरून ठेवू शकतं.

आणि ओढ लागली की थांबवू नका. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर आतडं जोरात हलतं. नेमकी तीच वेळ विरार-डोंबिवलीकडून निघणाऱ्यांची गाडी पकडण्यात जाते, आणि स्टेशनवरच्या शौचालयाची अवस्था बघून बायका तर दिवसभर दाबून ठेवतात. वारंवार दाबलं की ओढच मंदावते. शक्य असेल तर गाडी एक मागे ढकला.

निदान झाल्यावर उपचार बायोफीडबॅकचा: पडद्यावर दाब बघत स्नायू सैल सोडायला शिकायचं. पाश्चात्य कमोड असेल तर पायाखाली ठोकळा ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत.