फ्रँको बारेसी: मिलानचा सहा क्रमांक

इटलीच्या फुटबॉल बचावफळीची चर्चा निघाली की बहुतेकांना पाओलो मालदिनी आठवतो. माझे मत मात्र फ्रँको बारेसीच्या पारड्यात पडते. मिलान शहरातल्याच इंटर या क्लबने नाकारलेला हा मुलगा 1978 मध्ये ए. सी. मिलानकडून पहिला सामना खेळला आणि 1997 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने क्लब बदलला नाही. मधल्या काळात संघ दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला, पहिल्यांदा तर सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे, तरीही तो तिथेच राहिला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी कर्णधार झाला.

उंची बेताची, पण नजर विलक्षण. प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या मिलान संघात बचावफळी एका रेषेत पुढे सरकायची, प्रतिस्पर्धी आक्रमक ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या मागे नियमबाह्य जागी, सापडायचा आणि बारेसीचा हात पंचांच्या शिट्टीआधीच वर गेलेला असायचा.

1994 च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि तरीही जेमतेम साडेतीन आठवड्यांत तो ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात उतरला. रोमारिओ आणि बेबेतो यांना त्या रणरणत्या उन्हात इटलीच्या बचावफळीने 120 मिनिटे गोल करू दिला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीची पहिली किक बारेसीने घेतली, ती गोलपोस्टवरून गेली. इटली हरली, पण लोक बोल लावतात तो मात्र शेवटची किक हुकवणाऱ्या रॉबेर्तो बाज्जोला. हे मला आजही पटत नाही.

त्याच्या निवृत्तीनंतर मिलानने सहा क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणालाही दिली नाही.