दहिसर नदीतले मासे: खाडीकडून वर

मुंबईतल्या दहिसर नदीला कुणी नाला म्हटलं की मला मनापासून राग येतो. तुळशी तलावाजवळ उगम पावून जेमतेम 12 किलोमीटर वाहत ती मनोरीच्या खाडीला मिळते. पण एवढ्याशा वाटेत खडकाला चिकटून राहणारे मासे आहेत, मचूळ पाण्यातले आहेत आणि चिखलावर चालणारेही आहेत. ते नीट ओळखायचे म्हणून पावसाळा संपल्यावर एका रविवारी खाडीकडून वर निघालो.

गोराईच्या जेट्टीवर भर ओहोटीची वेळ गाठली. खारफुटीच्या मुळांशी निवट्या, म्हणजे ते चिखलावर चालणारे मासे, सरपटत होत्या. कातडी ओली असेपर्यंत त्यांना पाण्याबाहेरही श्वास घेता येतो, म्हणून त्या इतक्या निवांत असतात. एका मावशींच्या टोपलीत बोय मासळी होती. पाठीवरचे दोन वेगवेगळे पर मोजायला मी वाकलो, तर त्या म्हणाल्या, “फोटो काय काढतोस पोरा, कालवणाला घेऊन जा!” उन्हात पुढे दिवसभर फिरायचं नसतं, तर नक्की घेतली असती.

दहिसर पश्चिमेचा पट्टा नाकाला रुमाल लावून पार केला. तबेल्यांचं शेण आणि वस्त्यांचं सांडपाणी थेट नदीत येतं. तिथे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडणारा तिलापिया तेवढा दिसला. तो मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे 1952 साली आणलेला.

खरी मजा श्रीकृष्ण नगरच्या वर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर एक ओहोळ येऊन मिळतो तिथे होती. पाणी घोट्याएवढं, काठाला गवत. हातजाळी गवताखालून हळूच ओढायची, हात ओले करूनच मासा धरायचा, काचेच्या अरुंद पेटीत त्याच ओहोळाचं पाणी घेऊन त्यात सोडायचा, बाजूने फोटो काढायचा आणि लगेच होता तिथे परत. वरून पाहिलेला मासा ओळखू येत नाही. तोंडाची ठेवण, मिशा आणि पर बाजूनेच दिसतात.

जाळीत पँचॅक्स आला! बोटाच्या दोन पेरांएवढा, पाठ सपाट, तोंड वर वळलेलं आणि डोक्यावर चांदीचा लखलखीत ठिपका. हा पूर्णपणे इथला मासा. पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि डासांच्या अळ्या वेचून खातो. मला इतका आनंद झाला की पेटी उन्हाकडे धरून मी बघतच राहिलो.

तेवढ्यात एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन आले. हातात गप्पी माशांची प्लास्टिकची पिशवी. निम्मी पाण्यात ओतूनही झाली होती.

“दादा, थांबा जरा!” मी ओरडलोच.

“अहो, डेंग्यू किती वाढलाय. डास कमी होतील ना?”

माणूस भला होता, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून आला होता. म्हणूनच वाईट जास्त वाटलं. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. थेट पिल्लंच देतो, त्यामुळे मूठभर सोडले तरी थोड्याच काळात ओहोळ भरून टाकतो. इथल्या माशांचं खाद्य खातो, त्यांची पिल्लंही गिळतो. पँचॅक्सची गोष्ट वेगळी. तो पाणवनस्पतींना एकेक अंडं चिकटवतो आणि पिल्लू बाहेर यायला दोनेक आठवडे लागतात. या शर्यतीत तो हरणारच.

मी पेटी मुलीच्या हातात दिली. “काका, याच्या डोक्यावर दिवा आहे!” ती म्हणाली. वडीलही वाकून बघायला लागले. उरलेले गप्पी सोसायटीच्या बंद हौदात सोडायचं त्यांनी कबूल केलं. मग विचारलं, “मग हेच मासे इथे नदीत का नाहीत?”

मी पुलाखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईच्या नद्यांना काँक्रीटच्या भिंती बांधायचं काम जोरात झालं. पुराची भीती खरी होती, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. पण सरळसोट भिंतीला गवत नाही, पाण्यात लोंबणारी मुळं नाहीत, अंडं चिकटवायला जागा नाही. डास मात्र भिंतीलगतच्या साचलेल्या डबक्यातही वाढतात. लोक डासांसाठी परदेशी मासे विकत आणतात आणि डास खाणाऱ्या घरच्या माशाचं घर सिमेंटखाली जातं. याचा मला त्या पिशवीपेक्षा जास्त संताप आहे.

पुढे उद्यानात शिरलो. तिथे मासे पकडायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी, म्हणून जाळी बॅगेतच ठेवली. खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटलेले गारा नावाचे मासे काठावरूनच दिसले, वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडत होते.

तुमच्या भागात ओहोळ असेल तर काठावरचं गवत उपटू देऊ नका. आणि डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला मासा दिसला, तर जागा आणि तारीख लिहून फोटो मला पाठवा. नदीच्या कुठल्या टप्प्यापर्यंत तो टिकून आहे, याची यादी मी करतोय.